ब्रिटनमधली शिकार: खाजणातली बदकं, डोंगरातली हरणं आणि गावकऱ्यांच्या भुवया

भांगाची_भरती यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, वॉश उपसागराच्या काठच्या एका वाइल्डफाउलिंग (खाजणातल्या पाणपक्ष्यांच्या शिकारीच्या) क्लबात येत्या सप्टेंबरपासून उमेदवार सभासद म्हणून जायचं ठरतंय. शॉटगन सर्टिफिकेट आहे, क्ले पिजनवर हात बसलेला आहे. बंदूक जुनी दुनळी, साइड-बाय-साइड, ७० मिमी चेंबरची. क्लबाने माहितीपत्रक दिलंय, पण त्यात 'काय करू नका' भरपूर आणि 'का' कमी.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. एक, भरतीचं गणित नेमकं कसं मांडायचं? दोन, बदकांवर शिसं चालत नाही हे कळलं, मग या बंदुकीत घालायचं काय? तीन, पुढेमागे डिअर स्टॉकिंगकडे वळायचं तर ते यापेक्षा किती वेगळं? आणि चौथी जरा नाजूक. पहाटे बांधावर कुत्री फिरवणारी माणसं असतात. कुणी 'गुड लक' म्हणतं, कुणी तोंड फिरवतं. इथल्या गावांत काय खपतं आणि काय खुपतं? आपल्या डोक्यात भारतातल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार म्हणजे गुन्हा एवढंच बसलेलं, त्यामुळे इथलं मोजमाप हाताशी येत नाही.

खाजणातला_बगळा:

आधी शब्दाचं बघू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. मराठीत 'शिकार' एकच, इथे तीन. 'हंटिंग' म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे घोडे, लाल कोट आणि हाउंड कुत्र्यांचा ताफा येतो. 'शूटिंग' म्हणजे शॉटगनने पक्षी. 'स्टॉकिंग' म्हणजे रायफलने हरीण. खाजणात जाणाऱ्याने स्वतःला 'हंटर' म्हणवून घेतलं की दुसऱ्यांचं भांडण फुकटात अंगावर आलं. (आणि 'मी स्टॉकिंग करतो' असं नुसतं ऑफिसात सांगू नका, आधी 'डिअर' लावा.)

जागेबद्दल. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बंदूक चालवायचा कुणालाही आपोआप हक्क नाही. हा पट्टा बराचसा क्राउन इस्टेटचा (राजमुकुटाच्या नावावरच्या मालमत्तेचा), क्लब तो भाडेपट्ट्याने घेतात. परवानगीशिवाय बंदूक घेऊन दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकलंत तर १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली तो सरळ फौजदारी गुन्हा. स्कॉटलंडमध्ये मात्र क्राउनच्या किनारपट्टीवर हा हक्क सर्वसामान्यांचा आहे. त्यामुळे तिथल्या सोल्वे खाडीबद्दल 'सोल्वेला तर कुणीही जातं' हे ऐकून वॉशवर तसं वागू नका. क्लबाच्या नकाशावरची हद्द आधी दिवसाउजेडी चालून बघा. काळोखात सगळे ओहळ सारखेच दिसतात.

हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी. फक्त साध्या उधाणाच्या भरतीरेषेखाली तो २० फेब्रुवारीपर्यंत चालतो. म्हणजे १ फेब्रुवारीपासून बांधाच्या आतल्या तळ्यावर बदक मारलं तर गुन्हा, बांधाबाहेरच्या खाजणात मारलं तर नाही. रविवारचा घोळ वेगळा: नॉरफोकमध्ये रविवारी बदकं-हंसांवर बंदी, शेजारच्या लिंकनशरमध्ये नाही, आणि वॉश दोघांच्या मध्ये. स्कॉटलंडमध्ये रविवार आणि नाताळचा दिवस दोन्ही बंद.

आता भरती. लोक तक्त्यातली वेळ बघतात आणि उंची बघत नाहीत. खाजणाचा वरचा गवताळ भाग भांगाच्या भरतीला कोरडा राहतो, उधाणाला बुडतो. वॉशला उधाणाचा चढ-उतार साडेसहा मीटरच्या आसपास. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या हिश्शांचा: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी दर तासाला दीड मीटरहून जास्त चढतं. चिखलाचा उतार पाचशे मीटरला एक मीटर धरला तर पाण्याची कड तासाला ८०० मीटर आत येते. कोरड्या वाटेवर हे काहीच नाही. मांडीपर्यंतच्या रेंद्यात, वेडर (छातीपर्यंतचे जलरोधक बूट) घालून, बंदूक आणि ओली पिशवी घेऊन तेवढा वेग कुणालाच जमत नाही.

त्याहून वाईट म्हणजे पाणी समोरून येत नाही, मागून येतं. तुम्ही खाजणाच्या कडेला बसून समुद्राकडे बघत असता आणि तुमच्या व बांधाच्या मधले ओहळ आधी भरतात. जाताना घोट्याएवढं पाणी असलेला ओहळ परतताना गळ्याएवढा. म्हणून परतीच्या वाटेवरचा सगळ्यांत खोल ओहळ कोणता ते ठरवायचं, तो भरती पूर्ण व्हायच्या किती आधी ओलांडेनासा होतो ते क्लबातल्या जुन्या माणसाला विचारायचं आणि निघायची वेळ त्यावरून काढायची. पक्षी येवोत न येवोत, त्या वेळेला उठायचं. सगळ्यांत दाट थवे उठायच्या वेळेनंतर पाच मिनिटांनी येतात असा या धंद्याचा अलिखित नियम आहे, आणि माणसं अडकतात ती त्या पाच मिनिटांसाठी.

तक्त्यातली उंची शांत हवेची असते. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर. दाब ९७३ वर आला असेल तर ४० सेंटिमीटर तिथेच वाढले. त्यात उत्तरेचा वारा उत्तर समुद्राचं पाणी या अरुंद कोपऱ्यात ढकलतो. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री याच कारणाने इंग्लंडच्या या किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली. आणि दर्दी लोक खाजणात जातात ते नेमकं अशाच वादळी हवेत, कारण वाऱ्याला बदकं खाली उडतात.

सामान थोडकं ठेवा: होकायंत्र (धुक्यात फोनपेक्षा भरवशाचं, ओलं झालं तरी चालतं), पाण्याची खोली बघायला लांब काठी, डोक्याला लावायचा दिवा, कोरड्या पिशवीत फोन, आणि घरी लिहून ठेवलेली परतीची वेळ. अडकलात तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. काठी नळीपेक्षा महत्त्वाची आहे, आणि नळीवरून आठवलं: चिखलात धडपडलात की दोन्ही काडतुसं काढून नळ्यांतून आरपार बघा. तोंडाशी चिखलाचा बोळा बसलेला असताना बार काढला की नळी फाटते.

भांगाची_भरती:

फारच उपयोगी, धन्यवाद. एक शंका: चांदण्या रात्री बसायला कायद्याने हरकत नाही असं ऐकलं. खरं का? आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, मग हे जमतं कसं?

खाजणातला_बगळा:

ग्रेट ब्रिटनमध्ये बदकांना रात्रीची बंदी नाही. मात्र दिवा टाकून किंवा रात्रीची दुर्बीण लावून मारायला बंदी आहे, म्हणजे चंद्र देईल तेवढाच उजेड. उत्तर आयर्लंडचा नियम वेगळा: तिथे सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास बंद.

लखलखीत निरभ्र चांदणं यासाठी कुचकामी. काळ्या आभाळावर काळं बदक दिसत नाही, नुसती शीळ ऐकू येते. हवा असतो तो पांढऱ्या ढगाचा पातळ पापुद्रा, मागे चंद्र आणि पुढून जाणारी विजन बदकाची काळी सावली.

उधाणाचं म्हणाल तर ते जागेवर अवलंबून. एका ठिकाणी उधाणाची पूर्ण भरती कायम घड्याळातल्या साधारण त्याच वेळेला येते. वॉशला ती सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या सुमाराला, म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री तिथे ओहोटी. मोरकॅम उपसागर आणि सोल्वेला ती बारा वाजता, दुपारी आणि रात्री. तिकडे पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र डोक्यावर आणि पाणीही डोक्यावर. पश्चिम किनाऱ्यावर शिकलेला माणूस वॉशवर आला की त्याचा अंदाज सहा तासांनी चुकतो. वॉशवर उलट पंचाईत होते: पहाटेचा फ्लाइट (बदकांच्या थव्यांची ये-जा) आणि उधाण एकाच वेळी येतात, त्यामुळे उधाणाच्या दिवशी नवख्याने बांधाजवळच बसावं.

लोहारकाम:

बंदुकीचं मी घेतो. इंग्लंडमध्ये १९९९ पासून बदक, हंस, वारकरी (कूट पक्षी) आणि पाणकोंबडी यांच्यावर कुठेही शिशाचे छर्रे चालत नाहीत, आणि भरतीच्या पट्ट्यात तर कुठल्याच पक्ष्यावर नाहीत. कारण साधं आहे. बदकं पोटातलं दाणापाणी दळायला बारीक खडे गिळतात, चिखलात पडलेले छर्रे खडे समजून गिळतात, जठरात शिसं झिजतं आणि पक्षी दोन-तीन आठवड्यांत वाळून मरतो.

पर्याय मुख्यतः दोन. पोलाद स्वस्त पण हलकं: घनता ७.८, शिशाची ११.३. हलका छर्रा लवकर दमतो, म्हणून त्याच कामाला दोन नंबर मोठा घ्यायचा (नंबर लहान तितका छर्रा मोठा). शिशाच्या ६ नंबरवर बदक पडत असेल तर पोलादाचा ४, आणि हंसाला १ किंवा बीबी. बिस्मथ ९.६ च्या आसपास, महाग, पण शिशासारखं मऊ. टंगस्टनचंही मिळतं, खिशाला झेपलं तर.

पोलाद दबत नाही, हाच त्याचा दोष. शिशाचे छर्रे घट्ट चोकमधून (नळीच्या तोंडाजवळच्या अरुंद भागातून) जाताना चेपून वाट काढतात, पोलादाचे एकमेकांत अडकून नळीला आतून रेटतात. मग चोकच्या अलीकडे नळीवर अंगठीसारखा फुगवटा येतो. जुन्या साइड-बाय-साइडना डावी नळी बहुतेक फुल चोकची असते, तिथेच हे घडतं. तुमच्या बंदुकीवर नायट्रो प्रूफचा, म्हणजे आधुनिक दारूवर तपासल्याचा, शिक्का असेल तर स्टँडर्ड पोलादी काडतुसं चालतील. १२ बोअरमध्ये त्यांचा छर्रा ३.२५ मिमीच्या वर नसतो. पण बंदूकवाल्याकडून चोक मोजून घ्या आणि हाफपर्यंत उघडून घ्या. हाय परफॉर्मन्स पोलाद हवं तर नळीवर फ्लर-द-लीचा, म्हणजे कमळासारख्या फुलाचा, शिक्का लागतो. तो नसेल तर विषय संपला. डमॅस्कस (धातूच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या) नळीत पोलाद अजिबात नाही, तिथे बिस्मथ, तेही बंदूकवाल्याने होकार दिल्यावर.

यातून निघतं ते असं: या बंदुकीने पोलाद घालून बदक मारता येईल, हंस नाही. हंसाला लागतो तेवढा मोठा छर्रा स्टँडर्डमध्ये येत नाही. हंसासाठी बिस्मथ, नाहीतर ७६ मिमी चेंबरची पोलादाला प्रूफ केलेली दुसरी बंदूक.

अंतर हा सगळ्यांत मोठा घोटाळा. पिंक-फूटेड हंसाचे पंख पसरले की दीड मीटर, त्यामुळे ६० यार्डावरचा हंस ३५ यार्डावरच्या बदकाएवढा वाटतो. माणूस बार काढतो, एक-दोन छर्रे पोटात घेऊन हंस उडून जातो आणि तीन दिवसांनी कुठेतरी मरतो. बसण्याच्या जागेपासून ३५ पावलांवर काठी रोवा आणि तेवढंच आपलं आभाळ समजा. पायांचा किंवा चोचीचा रंग दिसत नसेल तर तो हंस लांब आहे. काडतुसाचा पॅटर्न (छर्रे कसे पसरतात ते) मोठ्या कागदावर ३० इंची वर्तुळात आधी मोजून घ्या. नवीन काडतूस आणि जुना चोक मिळून काय करतील हे डब्यावर छापलेलं नसतं.

घरी आल्यावर बंदूक गोड्या पाण्याने पुसून, सुकवून, तेल. खारं पाणी एका रात्रीत आपलं काम करतं.

खाजणातला_बगळा:

लोहारकाम यांना +१. ओळखीबद्दल भर घालतो. मॅलार्ड, विजन, टील म्हणजे आपला चक्रांग, पिनटेल म्हणजे तलवार बदक, शोव्हेलर म्हणजे थापट्या, हे मारता येतात. शेलडक नाही. ब्रेंट हंस नाही, बार्नेकल हंस नाही. कर्ल्यू हा लांब चोचीचा पक्षी १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टपर्यंत चालायचा, आता पूर्ण संरक्षित. पहाटेच्या अंधुकात रंग दिसत नाहीत, म्हणून कानाने ओळखा. विजनचा नर 'व्हीऽऊ' अशी शीळ घालतो, पिंक-फूट 'विंक-विंक' करतो, ब्रेंट घशातून गुरगुरतो. ओळख पटेपर्यंत बंदूक खांद्याला लावायचीच नाही. आणखी एक: रानटी हंस विकायला बंदी आहे. खायचा किंवा वाटायचा.

थंडीचा नियमही माहीत हवा. सलग सात दिवस जमीन गोठलेली राहिली की सगळ्यांनी आपणहून हात आखडता घ्यायचा. दोन आठवडे तसंच राहिलं तर सरकार बंदीचा हुकूम काढू शकतं. उपाशी पक्ष्याला त्या दिवसांत एकदा जास्त उडावं लागणं हेसुद्धा महागात पडतं.

कड्याखालचा:

हरणांचं सांगतो. शॉटगन सर्टिफिकेटवर हे होत नाही. रायफलला फायरआर्म सर्टिफिकेट लागतं आणि त्यासाठी पोलिसांना 'सबळ कारण' दाखवावं लागतं: अमुक जमिनीवर अमुक हरीण मारायची परवानगी. डीएससी-१ (डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेटची पहिली पायरी) ही परीक्षा कायद्याने सक्तीची नाही, पण ती असेल तर बोलणं सोपं जातं. नेमबाजीत १०० मीटरवर तीन गोळ्या चार इंची वर्तुळात बसाव्या लागतात. ऐकायला सोपं, धाप लागलेली असताना नाही.

ब्रिटनमध्ये सहा जाती. रेड आणि रो मूळच्या. फॅलो नॉर्मनांनी आणलेलं, सिका, मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर नंतर आलेली. लांडगा केव्हाच संपलेला, त्यामुळे यांना आवर घालायला माणूसच. इंग्लंड-वेल्समध्ये रेडचा नर १ ऑगस्ट ते ३० एप्रिल, मादी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. रोचा नर १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, मादी रेडच्या मादीसारखीच. मंटजॅक वर्षभर विते, म्हणून तिला बंद हंगाम नाही. स्कॉटलंडने ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्या नरांचा बंद हंगाम काढून टाकला. सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास हरीण मारायचं नाही. बदकांची सवय लागलेला माणूस इथे फसतो.

रायफल इंग्लंडमध्ये किमान .२४० इंची व्यासाची आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड ऊर्जेची. मंटजॅक व चायनीज वॉटर डिअरला .२२० आणि १००० पुरे. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणांसाठी गोळीचं वजनही ठरलेलं: आधी १०० ग्रेन, २०२३ मध्ये ते ८० वर आणलं. कारण तांबं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे १०० ग्रेनची तांब्याची गोळी इतकी लांब होते की .२४३ च्या नेहमीच्या नळीतले आटे तिला पुरेसा पीळ देऊ शकत नाहीत आणि ती हवेत डगमगते. २०२५ च्या जुलैत सरकारने शिशाचे छर्रे आणि मोठ्या गोळ्या तीन वर्षांच्या मुदतीने बंद करायचं जाहीर केलंय, तेव्हा नवीन रायफल घेताना तांब्याची गोळी तिच्यात कशी बसते ते आधी बघा. आणि गोळी बदलली की झीरो (नेमाची जुळणी) पुन्हा करा.

वारा चुकला की बाकी सगळं फुकट. डोंगराच्या खोबणीत वारा वळसा घेतो; खालून नाकावर येणारी झुळूक वरच्या कड्याला आपटून तुमच्या पाठीमागून हरणाकडे जाते. पाठ दाखवून चरणारं हरीण एकदम मान वर करतं ते यामुळे.

नेम आडव्या उभ्या हरणावर, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. मागे माती हवी. आभाळरेषेवरचं हरीण कितीही सुंदर दिसो, सोडायचं. रायफलची गोळी मैलभर पलीकडे जाऊन कुणालाही लागू शकते. दुसरं हरीण पाठीमागे उभं नाही ना, हेही.

बार झाल्यावर धावत जाणं ही नवख्याची चूक. आधी दुसरं काडतूस चढवा, उभं होतं ती जागा एखाद्या दगडाने-झुडपाने मनात पक्की करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. फुप्फुसात लागलेलं हरीणसुद्धा ५०-१०० मीटर धावतं. जागेवर गुलाबी फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, थोड्या अंतरावर मिळेल. काळपट लाल म्हणजे यकृत. हिरवट चिकट असेल आणि हरीण पाठ कमानीसारखी करून चालत गेलं असेल तर पोटात लागलंय. तिथे निदान तासभर थांबा आणि माग काढणारं कुत्रं आणा. पाठलाग केलात तर ते मैलभर जाईल आणि रात्रभर तडफडेल. मेलंय असं वाटलं तरी पाठीमागून जा आणि काठीने डोळ्याला स्पर्श करून बघा.

मग कोथळा काढणं, इथला शब्द ग्रॅलॉक. अन्ननलिका मानेशी मोकळी करून गाठ मारा, मगच ओढा, नाहीतर पोटातलं आंबलेलं गवत मांसावर सांडतं. पोट उघडताना सुरीचं पातं वर आणि दोन बोटं खाली, म्हणजे टोक आतड्यात जात नाही. जबड्याखालच्या, घशामागच्या, फुप्फुसाजवळच्या, यकृताच्या आणि आतड्यांच्या लसीका गाठी बघा. सुजलेल्या किंवा आत पिवळा खर असलेल्या दिसल्या तर क्षयाची शंका, ती सरकारी पशुवैद्यांना कळवणं बंधनकारक आहे. मांस विकायचं तर ७ अंशांपर्यंत थंड करावं लागतं. ऑगस्टमधल्या ढगाळ दमट दुपारी हे जिकिरीचं: माशा आधी येतात, शीतगृह नंतर. पक्ष्यांना मर्यादा ४ अंश.

दुर्बीणवाली:

मी बंदूक चालवत नाही आणि चालवणार नाही. पाणपक्ष्यांच्या मासिक गणतीत खाजणं बघते, त्यामुळे चौथ्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर देते.

लोकांचा राग एकसारखा नसतो. हाउंड घेऊन सस्तन प्राण्यांचा पाठलाग २००४ च्या हंटिंग ॲक्टने इंग्लंड-वेल्समध्ये बंद केला, फेब्रुवारी २००५ पासून. त्याआधी २००२ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये चार लाखांवर माणसं कायद्याविरुद्ध मोर्चाला आली होती. तो वाद प्राण्यांचा होता तितकाच वर्गाचा आणि शहर-खेड्याचा होता, आणि ट्रेल हंटिंगवरून (आधी पसरलेल्या वासामागे हाउंड सोडण्यावरून) अजून धुमसतोय. खाजणात चार तास भिजून एक टील घेऊन येणाऱ्या माणसावर तेवढा राग कुणाचा नसतो, पण बघणाऱ्याला बंदूक दिसते, फरक दिसत नाही.

हरणांबाबत तर चित्र उलटंपालटं आहे. रोपं खाऊन जंगल नवं उगवू देत नाहीत म्हणून जंगल वाढवणारे, एरवी शिकारीला नाकं मुरडणारे, जास्त हरणं मारा म्हणतात. आणि स्कॉटिश डोंगराळ भागातल्या काही इस्टेटी, ज्यांचं उत्पन्न पाहुण्यांना नर मारायला देण्यावर चालतं, त्या म्हणतात कमी मारा. स्कॉटिश सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२० मध्ये मोकळ्या डोंगरांवर चौरस किलोमीटरला १० रेड डिअर ही वरची मर्यादा सुचवली, तेव्हा आरडाओरडा झाला तो प्राणिमित्रांपेक्षा इस्टेटींचाच.

लोहारकाम यांनी जखमी पक्ष्यांचा विषय काडतुसांवर सोडला, तो मला तिथे सोडवत नाही. बेविक राजहंस (स्वान, वर आलेले गूज हंस नव्हे) युरोपात सगळीकडे संरक्षित. तरी स्लिमब्रिजच्या पाणपक्षी केंद्रात पकडून एक्स-रे काढले तेव्हा साधारण एक तृतीयांश राजहंसांच्या अंगात छर्रे सापडले. ते रशियाच्या उत्तरेपासून अनेक देश ओलांडून येतात, त्यामुळे सगळे छर्रे इथले नव्हेत. पण 'आम्ही ओळख पटल्याशिवाय मारत नाही' हे वाक्य आमच्यासारख्यांना ऐकवताना हा आकडा लक्षात असू द्या. शिशाचंही तेच. फेब्रुवारी २०२० मध्ये नेमबाजीच्या नऊ मोठ्या संघटनांनी पाच वर्षांत आपणहून शिसं सोडायचं जाहीर केलं. पाच वर्षांनी विकायला येणाऱ्या फेझंटमध्ये जवळजवळ सगळीकडे शिसंच होतं. आता बंदी येतेय म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी आपली तारीख आपणच चुकवली.

बाकी खुपणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात. बांधावर पडलेली काडतुसांची टरफलं आणि प्लास्टिकचे वॅड (काडतुसातल्या छर्ऱ्यांच्या वाट्या). पायवाटेच्या कडेला टाकलेला कोथळा, ज्यात कुणाचं तरी कुत्रं लोळतं. फिरणाऱ्यांसमोर पडलेला, पंख मारत असलेला पक्षी आणि तो आणायला कुत्रं नाही. मेलेल्या हंसांची रांग लावून काढलेला फोटो.

खाजणातला_बगळा:

राजहंसांचा आकडा मान्य, आणि क्लबात तो वाचून दाखवला पाहिजे हेही मान्य. एकाच ठिकाणी अडतो. गोळीबाराने थवे उठतात म्हणून सगळीकडे बंदी हवी असा सूर निघाला तर तो पटत नाही. क्लबांनी आपल्याच हद्दीत मोठे पट्टे बिनबंदुकीचे ठेवलेले असतात, संरक्षित जागांवर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेच्या संमतीशिवाय काही होत नाही, आणि किती पक्षी मारले ते दर हंगामात लिहून द्यावं लागतं. तो तक्ता भरला नाही तर बरेच क्लब पुढच्या वर्षीचं परमिट देत नाहीत. बांधावर मोकाट सोडलेली कुत्री रोज सकाळी उठवतात ते थवे कुणी मोजतं का?

दुर्बीणवाली:

मोजतो. गणतीच्या कागदावर त्याचीही नोंद होते. सगळीकडे बंदी मी म्हटलेलं नाही. बिनबंदुकीचा पट्टा नकाशावर असणं आणि तो रात्रीच्या थांब्याला लागून असणं यात फरक आहे, एवढंच म्हणणं.

कड्याखालचा:

चौथ्या प्रश्नाला एक व्यवहारी पुरवणी. बांधावरची वाट सार्वजनिक असते, तिथे बंदूक रिकामी आणि गवसणीत. काळोखात बंदूक घेतलेला माणूस बघून कुणी पोलिसांना फोन केला तर हत्यारबंद तुकडी येते. सर्टिफिकेट आणि क्लबाचं परमिट खिशात असू द्या, पोलीस आले तर बंदूक जमिनीवर ठेवून हात मोकळे. कुणी हुज्जत घातली तर रिकामी करून बाजूला उभे राहा. मुद्दाम अडथळा आणणं १९९४ पासून गुन्हा आहे, पण तो सिद्ध करणं तुमचं काम नव्हे.

आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत नुसतं फिरायला जाणाऱ्या वाचकांसाठी: २००३ च्या कायद्याने तुम्हाला बहुतेक सगळीकडे चालायचा हक्क आहे, नरांच्या स्टॉकिंगच्या दिवसांतही. फक्त ऑगस्ट ते २० ऑक्टोबर या काळात त्या दिवशी कुठल्या खोऱ्यात स्टॉकिंग आहे ते आधी बघून शक्यतो धारेवरून चाला. रविवारी सहसा नसतंच.

भांगाची_भरती:

सगळ्यांचे आभार. चोक उघडून घेतो आणि पहिलं वर्ष फक्त बदकं. एकच राहिलं: सप्टेंबरच्या छापील तक्त्यात एके दिवशी पूर्ण भरती ६:४० ला आहे. फ्लाइट साधारण सहाला. म्हणजे पावणेसातला पाणी फिरतं असं धरून बांधाजवळ थांबावं का?

खाजणातला_बगळा:

नाही. तक्त्याच्या माथ्यावर काय लिहिलंय ते आधी बघा. जीएमटी, म्हणजे ग्रिनिच वेळ, असेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत उन्हाळी घड्याळासाठी एक तास मिळवायचा, म्हणजे घड्याळात ७:४०. पावणेसातला पाणी फिरलं समजून तुम्ही खाली उतराल तेव्हा ते अजून तासभर चढायचं बाकी असेल.

आता उलटी चूक. फोनवरची बरीच ॲप्स तो तास आधीच मिळवून दाखवतात. तिथे ७:४० वाचून सवयीने पुन्हा तास मिळवलात तर ८:४० होतात आणि पाणी तुमच्या हिशेबापेक्षा तासभर आधी मागच्या ओहळात शिरतं. ही चूक पहिलीपेक्षा वाईट. छापील तक्ता आणि ॲप दोन्हीत एकच दिवस काढून शेजारी ठेवा. एका तासाचा फरक दिसला तर कुठलं काय दाखवतं ते तक्त्यावरच पेनाने लिहून टाका. आणि त्या दिवशी खालच्या कडेला जाऊच नका: ७:४० ची उधाणाची भरती म्हणजे साडेपाचच्या सुमाराला ओहळ भरायला लागतात, फ्लाइट सुरू व्हायच्या आधी.